श्वसनोपचारक

श्वसनोपचारक हा श्वासोच्छ्वासाचे विकार असलेल्या रुग्णांची तपासणी, उपचार, यंत्राधारित श्वसन आणि पुनर्वसन यांत प्रशिक्षित असलेला आरोग्य व्यावसायिक होय. रुग्णालयांच्या बोलीत त्याला 'रेस्पिरेटरी थेरपिस्ट' किंवा नुसतेच 'आरटी' म्हणतात. तो डॉक्टर नसतो व परिचारकही नसतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या उपचारयोजनेत राहून प्राणवायू देणे, कृत्रिम श्वसनयंत्र म्हणजे व्हेंटिलेटर हाताळणे, धमनीतील रक्ताची वायुतपासणी करणे, फुप्फुसांची क्षमता मोजणे आणि रुग्णाला यंत्रावरून पुन्हा स्वतःच्या श्वासावर आणणे ही त्याची मुख्य कामे होत. अमेरिका व कॅनडात हा सुस्थापित व्यवसाय आहे. भारतात तो काही मोठ्या शहरी रुग्णालयांपुरता रुजला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याचे काम आहे, पण बहुधा त्या नावाचे पद नाही. बीड जिल्हा हे या विसंगतीचे ठळक उदाहरण असल्याने प्रस्तुत लेखात व्यवसायाच्या सर्वसाधारण माहितीसोबत त्या जिल्ह्याचा विशेष विचार केला आहे.

नाव व संज्ञा

मराठीत या व्यवसायासाठी एकच नाव रूढ झालेले नाही. 'श्वसनोपचारक', 'श्वसनोपचार तज्ज्ञ' व 'श्वसन चिकित्सक' असे शब्द आढळतात. यांतील 'तज्ज्ञ' आणि 'चिकित्सक' हे शब्द वाचकाची दिशाभूल करू शकतात, कारण छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉक्टर म्हणजे पल्मोनॉलॉजिस्ट हे वेगळे असून त्यांनी एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. छातीचे व्यायाम देणारे भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, यांचेही कार्यक्षेत्र निराळे आहे, जरी कफ मोकळा करणे आणि श्वसनाचे व्यायाम या बाबतीत दोघांचे काम एकमेकांत मिसळते. केंद्र शासनाच्या २०२१च्या कायद्याने 'रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट' ही संज्ञा वापरली आहे. पदवीच्या नावात 'थेरपी' आणि कायद्याच्या अनुसूचीत 'टेक्नॉलॉजिस्ट' अशा या दुहेरी नामकरणामुळे नोकरीच्या जाहिराती वाचताना उमेदवारांचा गोंधळ उडतो.

इतिहास

यंत्राने श्वास देण्याचा पहिला व्यापक प्रयोग पोलिओच्या साथींमुळे झाला. १९२८मध्ये बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी तयार केलेले 'लोखंडी फुप्फुस' प्रथम वापरात आले. रुग्णाचे मानेखालचे सर्व शरीर एका हवाबंद पेटीत ठेवून पेटीतील दाब कमी-जास्त केला जाई व त्यामुळे छाती फुलत-मिटत असे.

१९५२मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले आणि यंत्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाखाली छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून थेट फुप्फुसांत हवा भरावी असा मार्ग सुचवला. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, दिवसरात्र, कित्येक आठवडे या पिशव्या दाबल्या. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण आधी ८० टक्क्यांहून अधिक होते, ते निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात येथून मानली जाते. रुग्णाच्या उशाशी बसून केवळ त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस असावा ही कल्पनाही याच घटनेने ठसली.

अमेरिकेत त्याआधीच, १९४७मध्ये, शिकागो येथे प्राणवायू देण्याचे काम करणाऱ्या सेवकांची संघटना स्थापन झाली होती. सुरुवातीला ही मंडळी मुख्यतः सिलिंडर ने-आण करीत आणि मुखवटे बसवीत. पुढे धन-दाबाची श्वसनयंत्रे आली, रक्तवायूंची तपासणी सुलभ झाली आणि या कामाचे स्वरूप तांत्रिक व वैद्यकीय बनले. त्याच संघटनेचे आजचे रूप म्हणजे 'अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर'. नवजात अर्भकांसाठी सतत धन-दाब देण्याची सीपॅप पद्धत १९७१मध्ये जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी मांडली. निद्राश्वसनरोधासाठी तिचा उपयोग १९८१मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी दाखवला. बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण सांगणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधले. कोविड काळात हे यंत्र महाराष्ट्रात आशा कार्यकर्तीच्या पिशवीपर्यंत पोहोचले.

भारतात या विषयाचे पदवीशिक्षण प्रथम दक्षिणेत रुजले. कर्नाटकातील मणिपाल, तमिळनाडूतील वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि केरळमधील कोची येथील अमृता ही त्यातील परिचित नावे. व्यावसायिकांची 'इंडियन असोसिएशन ऑफ रेस्पिरेटरी केअर' ही संघटना आहे.

कामाचे स्वरूप

श्वसनोपचारकाचा दिवस बहुतांशी अतिदक्षता विभागात जातो. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णाच्या नळीची खोली, फुग्याचा दाब, यंत्रावरील आकडे व आलेख तपासणे, कफ ओढून काढणे, धोक्याच्या घंटांची कारणे शोधणे आणि दर काही तासांनी धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन वायुतपासणी करणे हा त्याचा नित्यक्रम असतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ आणि कर्बद्विप्राणीलाचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा ही सर्वसाधारण मर्यादा धरून यंत्राची मांडणी बदलावी लागते.

या कामात आकडेमोडीला किती महत्त्व आहे ते एका उदाहरणावरून कळते. फुप्फुसांना गंभीर सूज आलेल्या रुग्णाला प्रत्येक श्वासात किती हवा द्यावी, हे त्याच्या प्रत्यक्ष वजनावरून ठरत नाही, ते उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावरून ठरते. दर किलोला सुमारे ६ मिलिलिटर हे प्रमाण २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीने प्रस्थापित केले. त्या चाचणीत दर किलोला १२ मिलिलिटर हवा मिळालेल्या गटात ३९.८ टक्के, तर ६ मिलिलिटर मिळालेल्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. आता १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन सुमारे ६६ किलो येते आणि त्याला एका श्वासात अंदाजे ४०० मिलिलिटर हवा लागते. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन ४३ किलोच्या आसपास येते व तिला २६० मिलिलिटर पुरते. यंत्रावर सरसकट ४५० मिलिलिटर लावून ठेवले, तर त्या स्त्रीला दर किलोला १० मिलिलिटरहून अधिक हवा जाते आणि जे यंत्र वाचवण्यासाठी लावले तेच फुप्फुसाला इजा करू लागते. मोजपट्टीने रुग्णाची उंची मोजणे हे अतिदक्षता विभागातील सर्वांत स्वस्त आणि बरेचदा राहून जाणारे काम आहे.

प्राणवायूचा हिशेब हाही याच व्यक्तीकडे असतो. 'जंबो' सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर दिल्यास तो साडेअकरा तासांहून थोडा अधिक पुरतो. उच्च प्रवाहाच्या नाकनळीवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू लागला, तर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा होतो. दीर्घकालीन श्वासरोधाच्या म्हणजे सीओपीडीच्या रुग्णाला मात्र प्राणवायू जास्त झाला तरी धोका असतो. त्याची रक्तातील संपृक्तता साधारण ८८ ते ९२ टक्क्यांतच राखतात, कारण अतिरिक्त प्राणवायूने शरीरात कर्बद्विप्राणील साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. 'शंभर दिसले म्हणजे उत्तम' ही नातेवाइकांची, आणि कधीकधी कर्मचाऱ्यांचीही, समजूत या रुग्णांत घातक ठरते.

अतिदक्षता विभागाबाहेर फुप्फुसक्षमता मापन म्हणजे स्पायरोमेट्री, झोपेची तपासणी, नवजात अर्भकांचे सीपॅप, गळ्यातील नळीची निगा, रुग्णवाहिकेतील स्थलांतर, घरच्या प्राणवायूयंत्राची मांडणी आणि फुप्फुस पुनर्वसन अशी कामे असतात. इन्हेलर वापरायला शिकवणे हे काम बाहेरून क्षुल्लक भासते. प्रत्यक्षात औषध योग्य असूनही दमा आटोक्यात न येण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. श्वासावाटे ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात भेटतात. फवाऱ्याचा इन्हेलर दाबण्याची आणि श्वास घेण्याची वेळ जुळत नसेल, तर औषधाचा मोठा भाग घशातच राहतो. अशा वेळी मध्ये स्पेसर म्हणजे पोकळ नळकांडे जोडून द्यावे लागते.

शिक्षण

श्वसनोपचाराच्या पदवीसाठी बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन उत्तीर्ण होणे ही सर्वसाधारण अट असते. बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी हा अभ्यासक्रम साधारणतः चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्यानंतर श्वसनयंत्रे, हृदय-फुप्फुस निदानपद्धती, नवजात व बालकांची श्वसनसेवा असे विशेष विषय येतात. पुढे एम.एस्सी. करून अध्यापनात जाता येते.

महाराष्ट्रात पुण्या-मुंबईतील काही अभिमत विद्यापीठांत या शाखेचे किंवा तिच्याशी जुळणारे अभ्यासक्रम चालतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांसाठी नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. भूलतंत्रज्ञ आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ या त्यातील शाखा श्वसनोपचाराच्या जवळच्या आहेत. भूलतंत्रज्ञाला नळी, मुखवटा, वायुपुरवठा आणि व्हेंटिलेटर यांचा परिचय असतोच. मात्र तो शस्त्रक्रियेपुरत्या, काही तासांच्या श्वसनाचा अनुभव घेतो. दहा-दहा दिवस यंत्रावर असलेल्या रुग्णाला हळूहळू यंत्रावरून उतरवणे हे वेगळे कौशल्य आहे.

प्रवेश घेताना संस्थेच्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहणे महत्त्वाचे असते: पदवी देणारे विद्यापीठ कोणते, प्रशिक्षणासाठी संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, आणि त्या रुग्णालयात चालू अतिदक्षता विभागाच्या किती खाटा आहेत. रुग्णालयाविना केवळ वर्गखोल्यांत चालणाऱ्या एक-दोन वर्षांच्या 'पॅरामेडिकल' प्रमाणपत्रांचा ग्रामीण महाराष्ट्रात सुळसुळाट आहे. व्हेंटिलेटरला हात न लावता मिळालेले प्रमाणपत्र घेऊन रुग्णालयात उभे राहता येत नाही. यात पैशांपेक्षा विद्यार्थ्याची वर्षे जास्त वाया जातात.

कायदेशीर स्थान

भारतात दीर्घकाळ या व्यवसायाला स्वतंत्र वैधानिक परिषद नव्हती. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका व औषधनिर्माते यांच्या परिषदा होत्या. उरलेले सारे 'परावैद्यक' या एका शब्दात कोंबले जात. संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने ही स्थिती बदलली. कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा वर्ग केलेले असून वैद्यकीय तंत्रज्ञ व फिजिशियन असोसिएट यांच्या वर्गात रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्टचा समावेश आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण कायद्याने सांगितले आहे. केंद्रीय नोंदवही, राज्य परिषदा व समान अभ्यासक्रम यांचीही तरतूद त्यात आहे. खोटी नोंदणी सांगणे किंवा नोंदणीशिवाय पदनाम वापरणे दंडनीय ठरवले आहे.

कायदा झाला म्हणून पदे निर्माण होत नाहीत. शासकीय रुग्णालयातील पद आकृतिबंधात असावे लागते, त्याला वित्त विभागाची मान्यता लागते आणि सेवाप्रवेशाचे नियम लागतात.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड हा मराठवाड्यातील अकरा तालुक्यांचा जिल्हा असून २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. बीड शहरात जिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्र मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी नसून अंबाजोगाईत आहे. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४मध्ये स्थापन झाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा उल्लेख केला जातो. त्याला नाव मिळाले ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे. निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच गावी त्यांनी काही काळ अध्यापन केले होते. जिल्ह्याबाहेर छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'घाटी', आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही रुग्णांची पुढची ठिकाणे आहेत.

शहरी रुग्णालयातील व्हेंटिलेटरवर बहुधा वयस्क, अनेक व्याधी असलेला रुग्ण असतो. मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णालयात त्याच्या जोडीला एक निराळा रुग्णवर्ग दिसतो: ज्यांची फुप्फुसे निरोगी आहेत, पण श्वासाचे स्नायू काही दिवसांपुरते निकामी झाले आहेत. मण्यार चावलेला माणूस हे त्याचे ठळक उदाहरण. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास मंदावतो. प्रतिविष वेळेवर मिळाले तरी मज्जातंतूंच्या टोकांवर झालेला परिणाम ओसरायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत कोणीतरी श्वास चालवत ठेवला, तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. नळी निसटली, कफाने अडली किंवा रात्रपाळीला यंत्राची घंटा कोणी ऐकली नाही, तर बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा दगावतो.

कीटकनाशकांची विषबाधा हा दुसरा प्रकार. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांनी श्वासनलिकेत स्राव दाटतो व स्नायू शिथिल होतात. पहिला धोका टळला असे वाटत असताना एक ते चार दिवसांनी श्वसनाचे स्नायू पुन्हा दुबळे होण्याची अवस्था येऊ शकते. अशा रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही, हे तिचे सुरुवातीचे चिन्ह असते. खाटेशेजारी वारंवार जाऊन 'मान उचला' असे सांगणारा माणूस येथे यंत्राइतकाच मोलाचा ठरतो. विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी साठते हे ग्रामीण महाराष्ट्राला ठाऊक असलेले संकट आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले व महाड येथे कार्य केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दीर्घ विकारांचे चित्र वेगळे आहे. रोगभाराच्या जागतिक अभ्यासानुसार २०१६मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेटचा आजार नव्हे, चुलीचा धूर हेही त्याचे मोठे कारण आहे, हा मुद्दा पुण्याचे डॉ. संदीप साळवी व ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखातून जगापुढे ठळकपणे मांडला. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहतात. अंधार असतानाच बाई चूल पेटवते. कोपी लहान, धुराला वाट नाही. जुना क्षयरोग बरा होऊनही फुप्फुसांवर व्रण राहिलेल्यांची यात भर पडते. परळी वैजनाथ येथे १९७१पासून औष्णिक विद्युत केंद्र आहे आणि राखेची वाहतूक व हवेत उडणारी राख हा त्या परिसरातील दीर्घकाळच्या तक्रारीचा विषय आहे.

स्थलांतराचा परिणाम उपचारांवरही होतो. अंबाजोगाईला इन्हेलर सुरू केलेली बाई पुढचे सहा महिने सांगली किंवा बेळगावकडे असते. विजेवर चालणारे प्राणवायूयंत्र कोपीत चालत नाही. पुनर्तपासणीची तारीख रुग्णाच्या हंगामाशी जुळवावी लागते. जिल्ह्यातील श्वसनसेवेची आखणी करणाऱ्याने रुग्णालयाच्या दिनदर्शिकेबरोबर कारखान्यांच्या गळीत हंगामाचेही भान ठेवणे आवश्यक आहे.

रुग्ण हलवणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. राज्यात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. सुरुवातीच्या ९३७ वाहनांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारची होती. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर आहे. १,५०० लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तास चालतो. रस्त्याला एवढाच किंवा याहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणजे एकाच सिलिंडरवर निघणे हे आधीच ठरलेले संकट होय. हा हिशेब निघण्यापूर्वी करणारी व्यक्ती कोण, याचे उत्तर श्वसनोपचारक असलेल्या ठिकाणी ठरलेले असते.

कोविडचा काळ

२०२०-२१मध्ये श्वसनयंत्रांची संख्या अल्पकाळात वाढली. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे मोठे कोविड रुग्णालय उभे राहिले. यंत्रे आली तशी ती चालवणाऱ्या हातांची टंचाई उघडी पडली. मे २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे मराठवाड्यातील रुग्णालयांना मिळालेल्या नादुरुस्त व्हेंटिलेटरचा प्रश्न आला. त्या वादात यंत्र सदोष की वापर सदोष असा युक्तिवाद रंगला. प्रत्येक पाळीला यंत्र तपासून नोंद ठेवणारा प्रशिक्षित श्वसनोपचारक असता, तर हा प्रश्न न्यायालयात जाण्याआधी नोंदवहीतूनच सुटू शकला असता, असे म्हणता येते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतील गळतीने पुरवठा खंडित होऊन किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. वायुवाहिनीतील दाबावर लक्ष आणि खाटेशेजारी राखीव सिलिंडर यांचे महत्त्व या दुर्घटनेने राज्याला दाखवले.

दुसऱ्या लाटेनंतर अनेक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे पीएसए प्रकल्प बसवले गेले. त्यांतून मिळणारा प्राणवायू सुमारे ९३ टक्के शुद्ध असतो. प्रकल्प चालू ठेवणे, शुद्धता मोजणे आणि गाळण्या बदलणे हे काम साथ ओसरल्यावरही उरते.

नोकरी व सद्यस्थिती

महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत श्वसनोपचाराचे काम मुख्यतः भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि अधिपरिचारिका वाटून घेतात. अतिदक्षता विभागातील अनुभवी अधिपरिचारिका अनेकदा नव्या निवासी डॉक्टरपेक्षा यंत्र चांगले ओळखते. परंतु तिच्याकडे औषधे, सलाइन, नोंदी आणि इतर खाटाही असतात, व बदली झाली की तिचे कौशल्य तिच्याबरोबर जाते. श्वसनोपचारकाला नोकरी मिळते ती प्रामुख्याने पुणे, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत, फुप्फुसतपासणी केंद्रांत, घरपोच श्वसनसेवा देणाऱ्या कंपन्यांत आणि व्हेंटिलेटर निर्मात्यांच्या प्रशिक्षण विभागात. त्यामुळे गेवराई किंवा केजचा विद्यार्थी ही पदवी घेतो तेव्हा तो बहुधा जिल्हा सोडण्याचाही निर्णय घेत असतो. परतण्याची वाट आज खासगी अतिदक्षता विभाग किंवा कंत्राटी नेमणूक एवढीच आहे. जाहिरातीत पदनाम 'आयसीयू तंत्रज्ञ', 'व्हेंटिलेटर तंत्रज्ञ' असे असू शकते.

काम पाळ्यांचे असते. हवेतून पसरणाऱ्या संसर्गांचा, विशेषतः क्षयरोगाचा, धोका या व्यवसायात अधिक असतो, कारण नळी बसवताना, कफ ओढताना आणि वाफ देताना तोंड रुग्णाच्या श्वासाच्या अगदी जवळ असते. योग्य मापाचा एन-९५ मुखवटा आणि वायुवीजन ही येथे सेवाशर्तींची बाब आहे. यंत्र बंद करण्याच्या प्रसंगी उपस्थित राहणे हाही या कामाचा भाग असून त्याचा मनावर ताण येतो. अभ्यासक्रमांत या विषयाला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

परदेशातील स्थिती

अमेरिकेत अलास्का वगळता सर्व राज्यांत परवाना आवश्यक असून त्यासाठी तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राष्ट्रीय मंडळाची परीक्षा द्यावी लागते. भारतीय पदवीधराला सहसा थेट परीक्षेला बसता येत नाही, त्याला तेथे पुन्हा शिकावे लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती इत्यादी आखाती देशांत भारतीय पदवीधरांना तुलनेने सुलभ वाट आहे. कागदपत्रांची पडताळणी आणि त्या देशाच्या आरोग्य प्राधिकरणाची परीक्षा तेथे लागते. ब्रिटनमध्ये हा वेगळा व्यवसाय नाही. ते काम भौतिकोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि श्वसन शरीरक्रियातज्ज्ञ वाटून करतात. भारतीय पदवी घेऊन तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेणे हिताचे असते.